पणजोबांचं फ्रीमेसन लॉज शोधताना आलेला माझा अनुभव

फ्रीमेसन म्हणजे एक जुनी बंधुसंघटना आणि लॉज म्हणजे तिची शाखा. पणजोबांचं लॉज शोधायला एकूण सात महिने लागले. त्यातले साडेपाच एका फॉर्मच्या दोन रकान्यांत गेले, आणि तो राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहितेय. अजून कुणी शोधत असेल तर त्याचा तरी वेळ वाचेल.

पणजोबांच्या ट्रंकेत तळाशी एक सर्टिफिकेट होतं आणि निळ्या काठाचं पांढरं कातडी एप्रन. आजी एवढंच म्हणायची की ते मुंबईला भुताच्या बंगल्यात जायचे (फ्रीमेसन लोकांच्या हॉलला लोक तसं म्हणायचे). मला ते लॉज कुठलं, त्यात कोण लोक होते, एवढंच बघायचं होतं. (चौकशी करताना आधी फ्रीमेसन म्हणा, मग लॉज, नाहीतर लोक खोल्या भाड्याने देणाऱ्या लॉजचा पत्ता सांगतात.)

जुनी रजिस्टरं ज्या ऑफिसात आहेत तिथे फॉर्म द्यायचा. त्यात लॉजचा नंबर, सभासदाचं नाव, प्रवेशाची तारीख. म्हणजे जे शोधायला आलेय तेच आधी लिहून द्या! सर्टिफिकेटवर साल ५८८९ होतं. मला वाटलं पहिला आकडा चुकलाय, म्हणून मी १८८९ लिहिलं, तर फॉर्म परत, "ताई, झेरॉक्सशी साल जुळत नाही." दीड महिना त्यात गेला. मग घरी शोधल्यावर कळलं की फ्रीमेसन आपलं वेगळं साल लिहितात, इसवी सनात ४००० मिळवून. म्हणजे माझं १८८९ बरोबरच होतं. रोज हेच कागद हाताळणाऱ्या माणसाला हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

मग नंबर. सर्टिफिकेटवरचा नंबर जसाच्या तसा लिहिला, तीन आठवड्यांनी उत्तर आलं की या नंबरचं लॉज वेगळ्याच नावाचं आहे, खात्री करून पुन्हा अर्ज करा. पुन्हा केला. सेक्रेटरी साहेब नाहीत. पुन्हा गेले. पुढच्या महिन्याच्या मीटिंगला ठेवू. मीटिंग झाली, माझा कागद ठेवलाच नव्हता, परत पुढचा महिना, आणि मी प्रत्येक वेळी अर्धी रजा टाकून त्याच बाकावर. चौथ्या खेपेला खरंच रडू आलं.

त्या दिवशी बाकावर एक म्हातारे सभासद बसले होते. त्यांनी सर्टिफिकेट हातात घेतलं, चष्मा वर केला आणि नंबराच्या पुढच्या दोन बारीक अक्षरांवर नख ठेवलं. एस. सी. "बेटा, हे स्कॉटिश आहे, तू इंग्लिश यादीत शोधतेयस." बस, एवढंच! इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड, तिन्हीकडच्या ग्रँड लॉजची, म्हणजे वरच्या मुख्य संस्थेची, लॉजं आपल्याकडे होती आणि प्रत्येकाची नंबरांची यादी वेगळी, त्यामुळे एकच नंबर दोन लॉजना असू शकतो. तेच म्हणाले की १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीयांना घेण्यासाठी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं तेही स्कॉटिशच. तेव्हा आपल्या माणसाचं सर्टिफिकेट असेल तर ही दोन अक्षरं सगळ्यात आधी बघा. इंग्लिश लॉज निघालं तर सोपं आहे, त्यांची १७५१ ते १९२१ ची सभासद रजिस्टरं अँसेस्ट्री या वंशावळ शोधायच्या साइटवर आहेत. फक्त इंग्लिश नंबर १८६३ पर्यंत बरेचदा बदललेत, त्याआधीचा कागद असेल तर जपून.

हो, आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया झालं तेव्हा काही लॉजं तिकडे गेली, काही जुन्या ठिकाणीच राहिली. आजचा नंबर जुन्या कागदाशी जुळेलच असं धरू नका.

त्यानंतर आठ दिवसांत रजिस्टर समोर आलं. पेन्सिल न्या, पेन वापरू देत नाहीत. आडव्या ओळीत नाव, वय, धंदा, मग सभासदाच्या तीन पायऱ्यांच्या (डिग्रींच्या) तीन तारखा. पणजोबांच्या तिन्ही भरलेल्या. त्यांचं नाव तिथे बघून जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही, मी बराच वेळ पान उलटलंच नाही.

शेवटच्या रकान्यात शेरा होता, वर्गणी थकल्यामुळे नाव कमी, १८९७. मला आधी वाईट वाटलं. मग बघते तर त्याच पानावर आणखी नऊ नावांपुढे तोच शेरा आणि तेच साल. सप्टेंबर १८९६ ला मुंबईत प्लेग आला होता. आमचं घर तेव्हाच मुंबई सोडून गावी गेलं, हे आजी नेहमी सांगायची. त्या दहाही ओळी मी उतरवून आणल्यात.