अ‍ॅन कार्सन यांच्या लेखनाला कविता का म्हणायचे?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. अ‍ॅन कार्सन या कॅनेडियन कवयित्रीचे नाव मी काढले की हा प्रश्न ठरलेलाच असतो: ज्यात निबंध आहे, मुलाखत आहे, शब्दकोशातल्या नोंदीसुद्धा आहेत, त्या लेखनाला कविता कोणत्या हिशेबाने म्हणायचे? प्रश्न रास्त आहे, पण कवितेची व्याख्या पुढे करून त्याचे उत्तर देण्यात मला रस नाही.

कार्सन यांचा जन्म १९५० साली टोरांटोला झाला. वडील बँकेत नोकरीला असल्यामुळे ऑन्टॅरिओतल्या लहानलहान गावांतून त्यांचे बिऱ्हाड हलत राहिले. शाळेत लॅटिनच्या शिक्षिकेने जेवणाच्या सुट्टीत त्यांना ग्रीक शिकवले आणि पुढे प्राचीन ग्रीक हाच त्यांच्या अध्यापनाचा विषय झाला. या विषयाच्या अभ्यासकाला फाटक्यातुटक्या मजकुराशीच संसार करावा लागतो. सॅफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीची संपूर्ण अशी एकच कविता आज हाती आहे. बाकी पपायरसचे, म्हणजे त्या काळच्या कागदाचे, तुकडे आणि इतरांच्या ग्रंथांत आलेली अवतरणे. कार्सन यांनी २००२ साली ‘इफ नॉट, विंटर’ या नावाने सॅफोचा अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा पपायरस जिथे फाटला आहे तिथे त्यांनी चौकटी कंस ठेवले, त्यामुळे काही पानांवर कंस आणि त्यांच्या आसपास दोनचार शब्द एवढेच उरते. मात्र हे कंस म्हणजे प्रत्येक फाटीची काटेकोर नोंद नव्हे, असे त्या प्रस्तावनेतच सांगून टाकतात. कंस कुठे ठेवायचा आणि कुठे नाही, हा निर्णय कवयित्रीचा आहे.

त्याआधी, १९९८ साली, ‘ऑटोबायोग्राफी ऑफ रेड’मध्ये त्यांनी उलटा मार्ग धरला होता. गेरिऑन या लाल राक्षसाला ग्रीक पुराणकथांतला वीर हेराक्लीज याने त्याच्या गुरांसाठी मारले, या कथेवरच्या स्टेसिकोरस या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्याचे तुकडेच शिल्लक आहेत. कार्सन यांनी त्यातून आजच्या काळातला, पंख कोटाखाली लपवणारा, फोटो काढणारा एक बुजरा मुलगा उभा केला आणि त्याला हेराक्लीजच्याच प्रेमात पाडले.

माझे खरे उत्तर मात्र २०१० सालच्या ‘नॉक्स’मध्ये आहे. कार्सन यांचा थोरला भाऊ १९७८ साली तुरुंगवास टाळण्यासाठी कॅनडातून पळाला, खोट्या पासपोर्टवर युरोपात आणि आपल्या भारतातही भटकला, घरच्यांशी जवळजवळ बोललाच नाही आणि २००० साली कोपनहेगनमध्ये वारला. त्याच्यासाठी कार्सन यांनी हाताने एक वही केली. ‘नॉक्स’ ही त्या वहीची छापील प्रतिकृती आहे, एका खोक्यात घडी घालून ठेवलेली, उलगडत गेले की संपता संपत नाही अशी एकच लांबलचक पट्टी. स्टेपलच्या पिना आणि चिकटवलेल्या कागदांच्या सावल्याही तिच्यात छापलेल्या आहेत. डाव्या बाजूला, कॅटलस या प्राचीन रोमन कवीने आपल्या मृत भावासाठी लिहिलेल्या दहा ओळींच्या लॅटिन कवितेतला एकेक शब्द कोशातल्यासारख्या नोंदीसह येतो. उजवीकडे जुनी छायाचित्रे, पत्राचे तुकडे, कार्सन यांचे त्रोटक निवेदन. नोंदी पहिल्या नजरेला रूक्ष वाटतात, पण नेटाने वाचल्या तर त्यांतल्या उदाहरणांत ‘नॉक्स’ म्हणजे रात्र हा शब्द पुन्हापुन्हा डोकावतो. तो बहिणीने तिथे हळूच पेरला आहे.

या पुस्तकातले कोणतेही एक पान सुटे करून दाखवले तर ते कविता आहे असे मीही म्हणणार नाही. पण त्या क्रमाने, डावीकडचा शब्द आणि उजवीकडचा भाऊ यांच्यामध्ये वाचकाला खोळंबून ठेवत, ती पाने समोर येतात तेव्हा जे घडते ते निबंधातही घडत नाही आणि चरित्रातही नाही. कार्सन यांच्या लेखनाला मी कविता म्हणते ती या रचनेमुळे. सगळीकडे ही किमया साधते असे नाही. काही छोट्या प्रयोगांत हुशारी दिसते आणि तिथेच थांबते, असे माझे मत आहे.

सुरुवात मात्र ‘नॉक्स’पासून करू नका. १९९५ सालच्या संग्रहातली ‘द ग्लास एसे’ ही दीर्घकविता आधी वाचा. प्रियकर सोडून गेलेली बाई आईकडे राहायला येते, एमिली ब्रॉन्टी या इंग्रज लेखिकेचे लेखन वाचत बसते, आईशी स्वयंपाकघरात तिचे खटके उडतात आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना भेटायला दोघी रुग्णालयात जातात. नावातच निबंध आहे, तरी पहिल्या दोन पानांतच तुमचा प्रश्न बाजूला पडेल असा माझा अंदाज आहे. नाही पडला, तर जरूर कळवा.