घारापुरी, फक्त शिडावर

या हंगामात एकच ध्यास होता: गेटवेसमोरून घारापुरी गाठायची, तीही इंजिनाला हात न लावता. गेल्या संकष्टीला ते जमलं, आणि मुख्यतः तिथीमुळे जमलं.

कोळीवाड्यात तोंडपाठ असलेला हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे 3 वाजता. पाणी चढायला लागणार पावणेनऊच्या सुमारास. (छापील तक्ताही बघाच, थोडं मागेपुढे होतं.) थंडीत सकाळचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) मंद असतो, शिवाय घारापुरीला जाताना तो जवळपास समोरून येतो. अंतर जेमतेम 10 किलोमीटर, पण नुसत्या वाऱ्यावर दुपार उलटते. भरतीचं पाणी मात्र आपल्याच दिशेने आत चालतं. नांगरलेल्या जहाजांच्या नाळी (पुढची टोकं) समुद्राकडे वळल्या, म्हणजे भरती लागली, आणि आम्ही शीड चढवलं.

जवाहर द्वीप डावीकडे, बरंच लांब ठेवलं. तिथे तेलाची जहाजं लागतात. घारापुरीच्या शेतबंदर धक्क्यावर लाँचची सारखी ये-जा, म्हणून बाजूला मोकळ्या पाण्यात थांबायचं ठरलं. जिब (पुढचं छोटं शीड) आधीच उतरवली. बोट प्रवाहाकडे तोंड करून अगदी थबकली, तेव्हा नांगर हाताने सोडला, फेकला नाही. खाली 3 मीटर पाणी होतं आणि अजून दीड मीटर चढणार होतं. म्हणून साडेचार धरून पाचपट, साडेबावीस मीटर दोर दिला. मग तळहात दोरावर. नांगर घसरत असेल तर दोर थरथरतो. आधी थोडा थरथरला, मग ताणला गेला आणि गप्प झाला. गाळात पातं रुतल्याचा तो ताण हाताला कळतो, तेव्हा फार बरं वाटतं.

साबुदाण्याची खिचडी बोटीवरच खाल्ली. दुपारी वारा वायव्येकडून भरू लागला की शेतबंदरची बाजू धोक्याची, कारण नांगर सुटला तर बोट थेट किनाऱ्यावर जाते. म्हणून लेणी बघायला जायचं तर एकाने बोटीवर थांबलंच पाहिजे.

साडेतीनला ओहोटीबरोबर निघालो. वारा उजव्या बाजूने, सुरेख. परतीला एकदाही टॅक (वारा घेण्याची बाजू) बदलावा लागला नाही.

आता पुढचा बेत खांदेरी, अलिबागजवळचं बेट. उतरण्याची परवानगी आधी काढावी लागेल. तिथे हिशेब उलटा, सकाळी ओहोटीवर बाहेर पडायचं, म्हणजे दशमी किंवा एकादशी. मतलईही पाठीशी येईल.