एका घरातले दोन अर्ज

५ जून २०२५, ह्यूस्टन. टेक्सासचा २००१ चा फी-सवलतीचा कायदा आदल्याच दिवशी गेला होता. केंद्राच्या न्याय विभागाने दावा लावला, राज्याने तो मान्य केला, कोर्टाचा आदेशही निघाला. सगळं एका दिवसात. तीन वर्षं इथे राहून इथल्याच हायस्कुलातून पास झालेल्या, पण कागदपत्रं नसलेल्या मुलांना त्या कायद्याने डोमिसाइलवाल्यांची फी लागायची. ती गेली की काही सरकारी विद्यापीठांत आकडा तिपटीवर जातो.

मी कॉलेज-प्रवेशाची समुपदेशक. समोर एक मेक्सिकन आई, विद्यापीठात दोन वर्षं काढलेला, कागदपत्रं नसलेला थोरला आणि नुकतीच बारावी झालेली धाकटी. धाकटी इथे जन्मली, म्हणून नागरिक. तिला केंद्र सरकारची पेल ग्रँट मिळू शकत होती: वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, परतफेड नाही. पण तिचा फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या शिक्षण-मदतीचा अर्ज, आईच्या सहीपाशी अडला होता.

आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही. त्या वर्षीच्या अर्जात अशा वेळी मुलीने आईला अर्जातून निमंत्रण पाठवायचं, नंबर नसल्याची खूण करायची आणि नाव, जन्मतारीख, पत्ता भरायचा. हे सगळं त्याच सरकारी साइटवरच्या आईच्या खात्याशी अक्षरन् अक्षर जुळावं लागायचं. आईची आडनावं दोन, वडिलांकडचं आणि आईकडचं. मुलीने एकच लिहिलं होतं. नियम सर्वांना सारखे हवेत, असं समतेच्या योजनांना विरोध करणारे म्हणतात. पण दोन आडनावांच्या घरांना हाच सारखा नियम अडवत होता. पूर्वी अशा वेळी विद्यापीठातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कचेरीला फोन करता यायचा. जानेवारी २०२४ पासून टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांतली अशी समता-समावेशनाची कार्यालयं कायद्यानेच बंद आहेत.

आईच्या खात्यातलं नाव बघून निमंत्रणातलं दुरुस्त केलं. तरी जुळेना.

सही करण्याआधी आईंना मी स्पष्ट सांगितलं होतं: पालकांचं नागरिकत्व हा अर्ज विचारत नाही, पण नंबर नसल्याची खूण सरकारकडे राहते. निर्णय तुमचा. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग "करू या" म्हणाल्या. करखात्याकडून माहिती घ्यायला संमतीची खूण त्यांनाही करावीच लागते, नाहीतर केंद्राची मदत शून्य. नंबर नसल्याने करखात्याची माहिती मात्र आपोआप येत नव्हती. २०२३ च्या १०४० फॉर्मच्या, म्हणजे आयकर विवरणपत्राच्या, ११ व्या ओळीतलं उत्पन्न हाताने भरायचं.

थोरल्याला मी दोन कामं दिली: आता आपल्याला कोणती फी लागणार, डोमिसाइलवाल्यांची की बाहेरच्यांची, हे विद्यापीठाकडून लेखी मागायचं आणि इमिग्रेशनच्या वकिलाला भेटायचं. तो वहीत लिहून घेत होता. मध्येच थांबून स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाला, "मिस, पत्त्यात अपार्टमेंटचा नंबर राहिलाय."