सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये आज मिस्त्रींनी बॉनेटला हात लावायच्या आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. वरचा पट्टा काळाभोर, स्वच्छ. आत गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ. बोट फिरवलं तर बारीक गाळ हाताला लागला.

"पाणी सीटपर्यंत आलं होतं, दादा. इंजिन धुतात सगळे, बेल्टची गुंडाळी कोण धुतंय?"

गाडी जुनी ऑडी टीटी, लाल. भाच्याचा तिच्यावर जीव जडलेला. विकणारा छातीठोकपणे सांगत होता, "पाण्याचा थेंब लागलेला नाही."

मग रंगाची जाडी मोजली. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. डाव्या दारावर ६०० च्या वर, म्हणजे खाली पुट्टी.

भाच्याचा चेहरा पडला. पण बुडालेल्या गाडीत वायरिंगचे जोड आतून गंजत राहतात, एअरबॅग ऐन वेळी दगा देऊ शकते. आणि ही तर ताशी २०० च्या वर पळणारी गाडी!

ती आता दुसऱ्या कुणाला तरी दाखवतील, याचा मला जास्त राग येतोय. पुराचा दावा झाला असेल, तर त्याची नोंद विमा कंपनीकडे असतेच ना? मग आरसी तपासताना ती खरेदीदाराला का दिसू नये?