काळा कोट आणि परभणीचं ऊन

वाटणीच्या दाव्याची तारीख होती आज. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसलो होतो. आमचे वकीलसाहेब आले ते घामानं निथळत. अंगात काळा कोट, गळ्यात पांढरे बँड. विलायतेच्या थंडीतला पोशाख अन् परभणीचं ऊन! तिकडं आफ्रिकेतला घाना 1957 ला इंग्रजांपासून स्वतंत्र झाला, पण तिथले न्यायाधीश अजून इंग्रजांसारखे केसांचे टोप घालतात.

मी तावातावानं म्हणालो, "मामा, हे गोऱ्यांचं सगळं फेकून द्यायला पाहिजे."

मामा हसले. "आपल्यावर गोरे कुठं होते रे? आपण निजामाचे. 1948 च्या सप्टेंबरात सुटलो." पिशवीतून आजोबांच्या वेळचा कागद काढला त्यांनी. सगळा उर्दूत. आमच्या शेताचा कागद, आणि दोघांनाही एक अक्षर लागेना. (1918 ला हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. इंग्रजी नको हे त्यांनीही ठरवलं होतं, पण मराठीचा नंबर काही लागला नाही.)

"अन् वकील, अर्ज, जमीन, तारीख? हे फारसी-अरबीतून आलेले शब्दबी फेकायचे का?"

मी गप्प. तेवढ्यात पुकारा झाला. वकीलसाहेबांनी कोटाची गुंडी लावली. पुढची तारीख जूनची मिळाली.