तुम्ही विचारलंत म्हणून: वाघ का नाही?

संक्रांतीच्या वाणासाठी कुणी माझे हाताने भरलेले, भरतकामाचे ब्रोच बघायला आलं, की डबीतली खार, मुंगूस, चितळ, पळसाची फुलं सगळी हाताळून झाल्यावर प्रश्न ठरलेला: “वाघ नाही का हो तुमच्याकडे?” हिंदीवाले तर थेटच, “दीदी, टाइगर नहीं बनातीं?” प्रश्न रास्त आहे. २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५ वाघ असल्याचा अंदाज निघाला, देशात सगळ्यांत जास्त. आणि जंगलातली जनावरं भरणाऱ्या इंदूरच्या बाईकडे एकही नसावा?

कारण मापात आहे. माझा ब्रोच जेमतेम दीड इंचाचा. एवढ्या जागेत काळे पट्टे ओढले की झाला वाघ. अंगावरचे केस कुठून कुठे वळलेत, हे मग घेणारा बघत नाही आणि खरं सांगायचं तर भरणारीही बघत नाही. मुंगसाला ही सवलत नाही. त्याचे केस नीट बसले नाहीत तर त्याची घूस होते.

मुंगसाचा रंग एका लडीत मिळतच नाही. त्याच्या एकेका केसावर फिकट-गडद पट्टे असतात, म्हणून तो धड करडा नाही, धड तपकिरी नाही. अँकर कंपनीचा भरतकामाचा दोरा सहापदरी. त्यातला करड्याचा एक पदर आणि मळकट पांढऱ्याचा एक, असे सोडवून मी एकाच सुईत ओवते. टाका पडताना कधी हा वर येतो, कधी तो, आणि अंग आपसूक मुंगसाचं दिसू लागतं. टाके लांब-आखूड. सुरुवात शेपटीकडून, म्हणजे पुढचे केस मागच्यांवर पडतात, खऱ्या अंगावर पडतात तसेच. डोळा मात्र सगळ्यांच्या आधी: काळा ठिपका आणि त्यात वरच्या बाजूला पांढऱ्याचा एकच बारीक टाका. तो जमला नाही तर पुढे भरण्यात अर्थ नाही, कापड तिथेच बदलावं.

चितळाचे ठिपके पुष्कळ जणी गाठीच्या टाक्याने करतात. हरणाला गोवर आल्यासारखं दिसतं. दोन बारीक आडवे टाके पुरतात, फक्त कण्यालगतचे ठिपके ओळीत हवेत.

खारीवरून तर वादच होतो. “तीनच पट्टे ना, रामाची बोटं?” तीन पट्ट्यांची खार दक्षिणेकडे जास्त. आपल्या इंदूरच्या अंगणात फिरते तिच्या पाठीवर पाच असतात, मोजून बघा. मी पाचच भरते आणि टोमणे ऐकते.

झाडांचंही तेच. पळसाला पानं तीनच म्हणतात, पण तो फुलतो तेव्हा बहुतेक तीही झडलेली असतात. तरी फुलाशेजारी हिरवं पान मागणारे असतातच. रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीच्या, सुमारास इंदूरजवळच्या रालामंडळला चक्कर मारा. हे अभयारण्य १९८९ चं, टेकडीवर होळकरांची शिकारगाह अजून उभी आहे. (खारीसाठी काही कुणी ती बांधली नसणार, म्हणजे वाघाचं वेड जुनंच.) तिथे पळसाचं फूल उलटं करून बघा. केशरी पाकळ्या सगळेच भरतात. देठाकडची काळपट, मखमली वाटी राहून जाते आणि मग ते फूल कुठलंही वाटतं.

मशीनवर वाघ छान होतो, हे मी स्वतःच सांगते. पट्टे स्वच्छ येतात, स्वस्तही पडतो. भाच्याच्या दप्तराला लावायचा असेल तर तोच घ्या.

आणि हाताचाच हवा असेल, तर वीतभर रिंगेत भरून देईन, नुसतं डोकं, कानामागच्या पांढऱ्या ठिपक्यासकट. पण राखीनंतर सांगा. तोवर खारींच्या राख्यांतून हात मोकळा होत नाही.