दऱ्या आणि दर्या

जुन्या फ्लॉप्या नेमक्या पावसाळ्यातच येतात. माळ्यावर गळतं, म्हणून खोकी खाली काढली जातात. जुलैतल्या एका बुधवारी सदाशिव पेठेतले एक काका अप्पा बळवंत चौकाजवळच्या आमच्या दुकानात मिठाईचं खोकं घेऊन आले. आत साडेतीन इंची ११ फ्लॉप्या होत्या. घाटवाटांवरचं त्यांचं लेखन १९९९ साली त्यांनी टाइप करून घेतलं होतं. कागदी प्रतीला वाळवी लागलेली.

"नातवाने लावून पाहिली. फॉरमॅट करू का, असं मशीन विचारत होतं."

"मग?"

"नाही म्हटलं."

निम्मं काम काकांनीच वाचवलं होतं.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी पत्र्याची झडप सरकवून मागची धातूची चकती बोटाने फिरवायची आणि उजेडात फिल्म बघायची. पांढरे ठिपके दिसले तर बुरशी. इथे ४ फ्लॉप्यांना होती. अशी फ्लॉपी तशीच लावली तर ड्राइव्हचं वाचणारं हेड फिल्मला घासतं, बुरशी हेडवर चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर गोल चरा उमटतो. म्हणून कवच ब्लेडने उघडलं, फिल्म कडेने धरून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धागे न सुटणाऱ्या कापडावर हलकी पुसली आणि पंधरा मिनिटं वाळू दिली. मग रद्दीतल्या चांगल्या फ्लॉपीच्या कवचात बसवली. जुनं कवच पुन्हा वापरायचं नाही. आतल्या अस्तरालाही बुरशी असतेच. लिहिण्याची खिडकीही उघडी ठेवायची, म्हणजे ड्राइव्ह चुकूनही काही लिहीत नाही. सव्वापाच इंचीत नेमकं उलट: तिथे खाच झाकली की लिहिणं बंद. यात भलेभले फसतात.

फायली एकेक करून कॉपी करत बसायचं नाही, आधी अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे बाइटन् बाइट हुबेहूब नक्कल, घ्यायची. ८० ट्रॅक म्हणजे गोल पट्टे, २ बाजू, दर ट्रॅकला १८ सेक्टर म्हणजे तुकडे, दर सेक्टरला ५१२ बाइट: एकूण १४,७४,५६०. त्यासाठीचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारं उचलतो आणि अडलेल्या जागा नकाशात टिपून ठेवतो. दुसऱ्या दिवशी गुरुवार, दुपारी वीज गेली. नकाशा होता म्हणून तिथूनच पुढे सुरू करता आलं.

नवव्या फ्लॉपीने मात्र छळलं. फायलींची यादीच उघडेना. बूट सेक्टर (फ्लॉपीची ओळख सांगणारा पहिला तुकडा), फॅटच्या (कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदवहीच्या) दोन प्रती आणि यादी हे सगळं पहिल्या ३३ सेक्टरांत, म्हणजे अगदी बाहेरच्या ट्रॅकवर असतं. तिथे डाग पडला की बाकी मजकूर धड असूनही फ्लॉपी कोरी वाटते. फॅटची पहिली प्रत गेली होती, दुसरी शाबूत होती. यादीतले ६ सेक्टर माझ्या ड्राइव्हला वाचता येईनात, ते जुन्या बाजारातून आणून ठेवलेल्या दुसऱ्या ड्राइव्हने वाचले. हेडची जागा प्रत्येक ड्राइव्हमध्ये केसभर इकडेतिकडे असते. कधीकधी तेवढाच फरक पुरतो.

फायली उघडल्या, तर पडद्यावर डॉलर, टक्के आणि स्वरचिन्हांची इंग्रजी अक्षरं. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवायचे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. 'ख' म्हणजे अर्धा ख आणि काना. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, रफार नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य मांडणीत, दोन्हींचा क्रम उलटा, त्यामुळे रूपांतर करताना वेलांटी अख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते. नाहीतर 'स्थिती'चं वाटोळं होतं.

तयार रूपांतरकाने हे नीट केलं. प्रिंट काकांना दाखवली. त्यांनी पहिलंच पान परत सरकवलं.

"सह्याद्रीत दर्या कुठून आला?"

'दऱ्या' लिहिलं होतं तिथे सगळीकडे 'दर्या'. खोऱ्यात, पायऱ्या, वाऱ्यावर, सगळ्यांना रफार. रूपांतरकातला अक्षरांचा तक्ता हिंदीसाठी केलेला असणार. हिंदीला या डोळ्याच्या पापणीसारख्या 'र'ची गरजच नाही. आपल्याकडे त्याच्यावाचून आचार्य आणि आचारी एका पंगतीला बसतात.

शोधा-बदला करून हे सुटत नाही, कारण सूर्य, कार्य, पर्याय यांत रफार बरोबरच आहे. पण मूळ फायलीत पापणीचा 'र' आणि रफार यांचे क्रमांक वेगळे होते. तक्त्याने दोन्ही एकाच खुंटीला टांगले होते. तक्त्यात एक ओळ घातली, पापणीसाठी नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, आणि सगळं पुन्हा मुळापासून चालवलं. साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही छपाईत तसंच दिसतं, पण मग शोधताना 'दऱ्या' टाइप केलं तर सापडत नाही.

दुसऱ्या फेरीत रफाराचा 'दर्या' एकच उरला, शेवटच्या फायलीत. मूळ बाइट पाहिले तर क्रमांक रफाराचाच. टाइप करणाऱ्याची चूक समजून काकांना फोन लावला.

"कुठलं प्रकरण?"

"अलिबागचा कुलाबा किल्ला."

"अहो, मग तो दर्याच. ओहोटीला मागे हटतो, तेव्हा चालत जाता येतं. तेवढा राहू द्या."